बुधल्यातलं पाणी

१

व्याह्यांनी पहिला घोट घेतला, डोळे मिटले, जरा वेळ विचार केला आणि म्हणाले, "फारच सौम्य आहे हो!"

मोराव्हियातल्या त्या गावात आलुबुखाराच्या दारूला सौम्य म्हणणं म्हणजे यजमानाला तोंडावर नालायक म्हणण्यासारखंच. पण व्याही पडले ब्रनोचे, शहरातले, सभ्य. त्यांना वाटलं आपण कौतुकच करतोय. तळघरात जमलेले बाकीचे सगळे मात्र आपापल्या पेल्याकडे बघत राहिले. शेजारच्या यार्मिलाने पेला नाकाशी नेला. वास नाही. मग तिने तो जिभेला लावला.

पाणी होतं. चांगलं, थंडगार, विहिरीचं पाणी.

सिरिल कुदेलाने हा काचेचा बुधला लेकीच्या जन्माच्या वर्षी भरला होता. त्या बाजूला रीतच तशी. पोर जन्माला आलं की त्या वर्षीच्या फळांची दारू गाळायची, तोंड मेणाने बंद करायचं आणि पोराच्या लग्नात उघडायची. ब्लांकाच्या लग्नाला आता दोनच दिवस राहिले होते. ईस्टरआधीचे उपवास लागायच्या आत, शनिवारी, बार उडवायचा होता. सिरिल स्वतः मात्र नोव्हेंबरातच गेला. त्यामुळे त्या बुधल्यात दारूपेक्षा बरंच काही होतं, आणि ते सगळं आता विहिरीचं पाणी झालं होतं.

ब्लांकाच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. तिची आई हेडविका मात्र रडली नाही. ती हळूच वळली आणि म्हणाली, "या तळघराची किल्ली दोघांकडेच आहे. एक माझ्याकडे. दुसरी कोणाकडे, ते सांगायला नको."

सगळ्यांच्या माना मेतोदकडे वळल्या.

मेतोद सिरिलचा जन्माचा मित्र आणि ब्लांकाचा धर्मपिता. सिरिल आणि मेतोद ही तिकडच्या दोन संतांची जोडी. त्यामुळे पाद्रीबाबांपासून पाववाल्यापर्यंत सगळ्यांनी या दोघांना आयुष्यभर चिडवलं. त्यातला मेतोद एकेकाळी संत सोडून बाकी सगळं होता. तो इतका प्यायचा की बायको सोडून गेली आणि मुलगी माग्दा बोलेनाशी झाली. सिरिलने त्याला त्यातून ओढून बाहेर काढला. आज कित्येक वर्षं त्याने थेंबाला हात लावलेला नव्हता, आणि माग्दाही पुन्हा बोलू लागली होती. आत्ताही त्याच्या हातात रासबेरीचं सरबतच होतं. शनिवारी बापाच्या जागी उभं राहून ब्लांकाला वेदीपर्यंत तोच नेणार होता.

"वहिनी, मी नाही हो..." तो म्हणाला.

"शेवटी सवय ती सवयच म्हणायची," हेडविका म्हणाली. "आणि तीही मेलेल्या मित्राच्या घरात! शनिवारी चर्चच्या पायरीलासुद्धा उभे राहू नका तुम्ही."

जिन्यावर माग्दा उभी होती. तिने सगळं ऐकलं, लेकीचा हात धरला आणि बापाकडे न बघता निघून गेली. मेतोदने सरबताचा पेला जपून खाली ठेवला आणि तोही गेला.

"हे पाणी कोणी ओतायचं नाही," यार्मिला म्हणाली. "आणि ते मेण, ती सुतळी आहे तशीच राहू दे." तिची सगळी नोकरी जिल्ह्याच्या पोलिसांत चोऱ्या शोधण्यात गेली होती. निवृत्त होऊन ती शेजारच्या घरात येऊन राहिली होती. विचारायच्या आधीच निवाडा देणाऱ्या माणसांची तिला मनस्वी चीड होती, मग ती माणसं कितीही जिवाभावाची असोत.

तिने मेणाचा तुकडा उजेडात धरला. पंचवीस वर्षांपूर्वीचं मेण काळपट पडायला हवं होतं. हे पिवळंधमक होतं.

२

दुसऱ्या दिवशी सकाळी हेडविकाच्या स्वयंपाकघरात लग्नाचे गोड पाव भाजायचं काम चाललं होतं. खसखस, चीज आणि आलुबुखाराचा मुरांबा यांचा वास गल्लीभर पसरला होता. हेडविका पिठावर राग काढत होती; पीठ काही बोलू शकत नव्हतं एवढंच.

"तू त्याची वकिली करायला आलीस का?" तिने विचारलं.

"मी बुधला बघायला आलेय. सिरिल डावखुरा होता ना गं?"

"होता. मास्तरांनी छड्या मारमारून हात सुजवला तरी उजव्या हाताने लिहिलं नाही त्याने. का?"

यार्मिलाने सुतळी टेबलावर ठेवली. "ही बुधल्याच्या मानेला उलटी गुंडाळलीय. उजव्या हाताचा माणूस अशी गुंडाळत नाही, त्याला जमतच नाही. मेतोद उजवा. तुझा भाऊ ओल्डा उजवा. तू, मी, ब्लांका, सगळ्या उजव्या. आणि हे मेण सिरिलच्याच मधमाश्यांचं आहे, पण नवं, गेल्या उन्हाळ्यातलं."

हेडविकाचे हात पिठात थांबले.

"हेडविका, बुधल्यात पाणी सिरिलनेच भरलं. आणि वरून शिक्काही त्यानेच मारला."

यार्मिलाला वाटलं होतं की आता मेतोदवरचं किटाळ गेलं. पण हेडविकाचा चेहरा फुलायच्या ऐवजी अजूनच उतरला. ती खुर्चीवर बसली, पिठाच्या हातानेच कपाळ धरलं आणि हळूच म्हणाली, "म्हणजे दोघांनी मिळून प्यायली. तो परत घसरला आणि सिरिलने त्याला पांघरूण घातलं. जन्मभर हेच केलं त्याने, त्या माणसावर पांघरूण."

यार्मिलाने मनातल्या मनात स्वतःला दोन शिव्या घातल्या. एक गाठ सोडवायला जावं आणि दुसरी घट्ट बसावी, तसंच झालं होतं. मेतोदवर आधी चोरून प्यायल्याचा आळ होता. आता त्यात सिरिललाही ओढल्याचा पडला, आणि मेतोदसाठी तोच जास्त वाईट होता.

३

ओल्डा ट्रॅक्टरखाली आडवा होता. त्याचे फक्त बूट दिसत होते.

"ओल्डा, बाहेर ये."

"यार्मिलाताई, तेल गळतंय, आत्ता नाही येता येत."

"तेल नंतर गळू दे. बुधला तू कितीदा चाखलास ते सांग."

बूट स्तब्ध झाले. मग ओल्डा सरपटत बाहेर आला आणि तोंड पुसायच्या निमित्ताने फडक्यात लपवू लागला. "कोण म्हणतं मी चाखला?"

"कोणी नाही. पण काल सगळे मेतोदकडे बघत होते तेव्हा तू एकटाच जमिनीकडे बघत होतास. चोराच्या मनात चांदणं."

ओल्डाने इकडेतिकडे बघितलं आणि आवाज खाली आणला. "ताई, देवाशप्पथ, फक्त प्रयत्न केला. ऑगस्टात, बहीण बाजारात गेली होती आणि तळघर उघडंच होतं तेव्हा. मेण जरासं उचललं, रबरी नळी आत सोडली, आणि तेवढ्यात मागे सिरिल उभा! मला वाटलं आता फावड्याने घालतो डोक्यात. पण तो नुसता हसला. म्हणाला, 'ओल्डा, तुझं चुकत नाही, तहान लागते माणसाला. उद्यापासून ये की. उद्यापासून इथे तुला पाणी मिळेल.'"

"असंच म्हणाला? पाणी मिळेल?"

"शब्द न् शब्द. मी समजलो टोमणा मारतोय. बहिणीला मात्र त्याने सांगितलं नाही. मोठ्या मनाचा होता हो." ओल्डाने नाक ओढलं. "तुम्ही पण सांगू नका."

"काल मेतोदला घराबाहेर काढलं तेव्हा तुझी जीभ कुठे गेली होती?"

ओल्डाने फडकं खिशात कोंबलं. तो पुन्हा ट्रॅक्टरखाली सरकला. ती जागा त्याला त्या क्षणी शोभतही होती.

यार्मिला रस्त्याला लागली. म्हणजे सिरिलने दारू प्यायली नव्हती, हलवली होती. मेव्हण्याला पाणी ठेवून खरा माल त्याने दुसरीकडे नेला. पण कुठे? बुधला चांगला मांडीएवढा उंच. एवढी दारू खिशात घालून तर कोणी फिरत नाही. आणि सांगितलं कोणाला? हेडविकाला सांगणं म्हणजे ओल्डाला सांगणं, कारण बहिणीच्या पोटात भावापासून काही राहत नव्हतं. मग ज्याला सांगितलं, तो काल गप्प का बसला?

४

मेतोदचं दार नुसतंच लोटलेलं होतं. तो स्वयंपाकघरात कोट घालून बसला होता. शेगडी पेटवलेली नव्हती. टेबलावर एक पेला होता आणि शेजारी दुकानातून आणलेली व्होडकाची बाटली. तिचं झाकण अजून उघडलेलं नव्हतं.

यार्मिलाने बाटलीकडे बघितलं, पण त्याबद्दल बोलली नाही. खुर्ची ओढून समोर बसली.

"माग्दाचा फोन आला होता," मेतोद म्हणाला. "पोरीला इकडे पाठवणार नाही म्हणाली. दर रविवारी येते हो ती. मी तिला पत्ते शिकवतो." त्याने बाटली किंचित फिरवली. "सगळं गाव म्हणतंयच की मी पितो. मग न पिण्यात काय अर्थ राहिला?"

सांत्वनाचे शब्द यार्मिलाला कधीच जमले नाहीत. तिला फक्त प्रश्न विचारता यायचे. तिला एवढंच कळत होतं की हा माणूस जोवर बोलतोय तोवर त्याचा हात झाकणाकडे जाणार नाही.

"सिरिलचा पोहण्याचा हौद यंदा तूच बंद केलास ना हिवाळ्यासाठी? कसा करतात रे? माझ्या अंगणात हौद नाही, मला काय कळणार."

मेतोदने चमकून तिच्याकडे पाहिलं. पण हौदाचं नाव निघालं आणि त्याचे खांदे जरा सैल पडले. "सोपं नसतं ते. लोकांना वाटतं पाणी सोडून दिलं की झालं. पूर्ण रिकामा करायचाच नाही, नाहीतर बाहेरची ओली माती भिंती आत ढकलते. भिंतीतल्या तोट्यांच्या जरा खालपर्यंत पाणी उतरवायचं. आधी तळ घासायचा, कडेची चिकट रेघ घासायची. शेवाळाचं औषध टाकायचं. नळ्यांतलं पाणी फुंकून काढायचं, बुचं मारायची, पंप सोडवून तळघरात न्यायचा. किल्ली त्यासाठीच होती माझ्याकडे. दरवर्षी आम्ही दोघं करायचो. तो आज्ञा सोडायचा, मी कुरकुर करायचो."

"आणि यंदा?"

"यंदा तो इस्पितळात. मी एकट्याने केलं. त्याने मला बाटलीतून काढलं, बाई. त्याच्या हौदाला तडा जाऊ द्यायचा नाही, एवढं तरी माझ्या हातात होतं." त्याने बोटाने टेबलावर एक लांब रेघ ओढली. "शेवटी बाटल्या सोडायच्या."

"कसल्या बाटल्या?"

"प्लास्टिकच्या. बर्फ फुगतो, भिंतीला रेटतो. मधे दोरीला बाटल्या बांधून सोडल्या की तो रेटा बाटल्यांवर जातो, त्या चेपतात, भिंत वाचते. अर्ध्याहून कमी भरायच्या म्हणजे उभ्या राहतात."

"त्या कुठे असतात एरवी?"

"शेडमध्ये, खिळ्याला. पण यंदा सिरिलने मला इस्पितळात सांगितलं, श्वास लागला होता त्याला, तरी मुद्दाम हात धरून सांगितलं, 'तळघरातल्या बाटल्या हिवाळाभर तुझ्या हवाली. तूच सांभाळ.' पुढे आणखी काहीतरी सांगत होता, पण खोकल्याने बोलू दिलं नाही. मी म्हटलं, काळजी करू नकोस. तळघरात गेलो तर खालच्या फळीवर खरंच भरून ठेवलेल्या दहा-बारा. म्हटलं, आजारी माणूस, तरी हौदाची तयारी करून गेला." त्याने पेला दूर सरकवला. "एकच चूक झाली होती त्याची. काठोकाठ भरल्या होत्या. तशा भरल्या तर चेपायला जागाच राहत नाही. अर्ध्या ओतून द्यायला हव्या होत्या. पण त्याच्या हातचं शेवटचं काम ते. मला उघडवेना. तशाच बांधल्या."

यार्मिला उठून उभी राहिली होती.

"काठोकाठ भरलेल्या? आणि तरंगल्या?"

"झकास तरंगल्या. आडव्या, पण वर."

"मेतोद, पाण्याने काठोकाठ भरलेली बाटली पाण्यात वर राहते का रे कधी?"

मेतोदने व्होडकाची बाटली बाजूला सारली.

"ऊठ," ती म्हणाली आणि जाता जाता टेबलावरची व्होडका उचलून कोटाच्या खिशात टाकली. "कुऱ्हाड घे."

५

कुदेलांच्या अंगणात बर्फ घोट्यापर्यंत होता. यार्मिला आधी शेडमध्ये डोकावली. खिळ्याला जुन्या बाटल्यांची माळ धूळ खात लोंबत होती. ती तशीच हवी होती, आणि होती.

मग तिने झाडू घेतला आणि हौदाच्या कडेचा भुरभुरीत बर्फ बाजूला केला. खालचा बर्फ काचेसारखा स्वच्छ होता. त्यात एका ओळीत बाटल्या अडकल्या होत्या.

तोवर हेडविका पिठाच्या हातांनीच बाहेर आली. मागोमाग ब्लांका. कुंपणापलीकडे ओल्डा उगवला, कारण गावात काही घडत असताना ट्रॅक्टरखाली पडून राहणं त्यालाही शक्य नव्हतं. "हा माणूस माझ्या अंगणात काय करतोय?" हेडविकाने विचारलं.

"जरा थांब आणि बघ," यार्मिला म्हणाली. "गेला आठवडाभर कडाक्याची थंडी आहे. माझ्या पडवीतली पाण्याची बादली तळापर्यंत दगड झालीय." तिने झाडूच्या दांड्याने बर्फावर जोरात ठोकलं.

बर्फातल्या सगळ्यात जवळच्या बाटलीत एक बुडबुडा होता. तो हलला. बाटलीच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे डुलत गेला आणि परत आला.

हेडविका बर्फावर वाकून बघू लागली.

"पाणी असतं तर गोठलं असतं," यार्मिला म्हणाली. "पाणी असतं तर बाटली बुडाली असती. दारू पाण्याहून हलकी असते आणि असल्या थंडीला भीक घालत नाही. मेतोद, फोड."

मेतोदने कडेचा बर्फ जपून फोडला, बाटली काढली, आणि हात लांब करून ती हेडविकाला दिली. स्वतः झाकणाला हात लावला नाही. हेडविकाने झाकण फिरवलं आणि तो वास बाहेर आला. पिकलेल्या आलुबुखारांचा, लाकडाच्या धुराचा, ब्लांकाच्या जन्माच्या वर्षीच्या शरद ऋतूचा. हेडविका बाटली छातीशी धरून बर्फातच मटकन बसली.

"काखेत कळसा आणि गावाला वळसा," ओल्डा पुटपुटला.

"तू बोलू नकोस," यार्मिला कडाडली. "तुझ्या रबरी नळीमुळेच झालंय हे. आता तूच सांग बहिणीला."

ओल्डाने सांगितलं. मान खाली घालून, पण सगळं सांगितलं. सिरिलचा तो पाण्याचा टोमणाही सांगितला.

"म्हणजे ऑगस्टात सिरिलने दारू बाटल्यांत काढली," यार्मिला म्हणाली, "आणि बुधल्यात पाणी भरून शिक्का मारला, मेव्हण्याची गंमत बघायला. पाण्याच्या बाटल्या या गावात कोण चोरणार? लग्नापर्यंत स्वतःच सांभाळणार होता. पण मधेच इस्पितळात जायची वेळ आली. तेव्हा त्याने त्या एका माणसाच्या हवाली केल्या. आणि त्या माणसाला वाटलं, मित्राला हौदाची काळजी लागलीय. ऑक्टोबर महिना, हौद बंद करायचे दिवस, 'हिवाळाभर बाटल्या सांभाळ' म्हटल्यावर दुसरं काय वाटणार?"

"मला का नाही सांगितलं?" हेडविकाने विचारलं. "बायको होते ना मी?"

"तू ओल्डाला सांगितलं असतंस."

हेडविकाने कुंपणापलीकडच्या भावाकडे बघितलं. नाही म्हणायची सोय नव्हती.

"पाद्रीबाबांना सांगितलं असतं तर ते रोज आशीर्वाद देऊन एक घोट घेऊन आले असते," यार्मिला पुढे म्हणाली. "मला सांगितलं असतं तर..." ती जरा घुटमळली. ती या गावात एकटी राहायला आली त्या पहिल्याच हिवाळ्यात तिच्या घरातला पाइप फुटला होता, आणि न बोलावता पाने-पक्कड घेऊन आलेला माणूस सिरिलच होता. त्याचे धड आभार मानायचेही राहून गेले होते. "मलाही आवडते, खरं सांगायचं तर. अख्ख्या गावात ही दारू ज्याच्या हाती निर्धास्त ठेवावी असा एकच माणूस सिरिलला दिसला. मेतोद, त्याने हौद नाही सोपवला तुझ्यावर. लेकीच्या लग्नाची दारू सोपवली."

मेतोद कुऱ्हाड टेकवून उभा होता. त्याने ती बर्फात आडवी ठेवली.

"माझ्यावर?" तो म्हणाला. "दारू? माझ्यावर?"

आणि मग तो मोठमोठ्याने रडला, लहान मुलासारखा, नाक पुसायचंही भान न ठेवता. "देवा, तुझे उपकार," असं काहीतरी म्हणत होता. देवाला म्हणत होता की सिरिलला, ते यार्मिलाला कळलं नाही, आणि तिने ते विचारलंही नाही.

हेडविका उठली. पिठाने माखलेल्या दोन्ही हातांनी तिने त्याचा चेहरा धरला. "भावजी, मी वाईट बोलले. मला क्षमा करा. आणि नाही केलीत तरी उद्या चर्चला या. ब्लांकाला तुमच्याशिवाय कोण नेणार?"

"क्षमा काय, वहिनी," तो म्हणाला. "तुम्ही नसतं हाकललंत, तर त्याने मला काय सोपवलं होतं ते मला कधी कळलंच नसतं."

६

लग्नाच्या जेवणाच्या दालनात मधल्या टेबलावर सगळ्या बाटल्या ओळीने मांडल्या होत्या, आणि ओतायचं काम मेतोदने कोणालाही करू दिलं नाही. नव्या काळ्या कोटात, उजव्या हातात बाटली घेऊन तो टेबलाटेबलाने फिरला. प्रत्येकाला ओतताना तो एकच वाक्य म्हणायचा, "सिरिलकडून." दुसरं काही नाही.

ब्रनोच्या व्याह्यांनी घोट घेतला. त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं, कान लाल झाले, आणि बराच वेळ त्यांना सभ्यपणाचं एकही वाक्य सुचलं नाही. गाव खूश झालं.

ओल्डाला मेतोदने अर्धाच पेला दिला. ओल्डाने पेल्याकडे बघितलं, मेतोदकडे बघितलं, आणि आयुष्यात पहिल्यांदाच आणखी मागितली नाही.

यार्मिला कोपऱ्यात बसून हे सगळं बघत होती. नोकरीत तिने शेकड्यांनी चोर शोधले होते. चोर सापडला की कुणीतरी आत जायचं, आणि ती घरी जाऊन एकटीच जेवायची. या वेळी चोरच सापडला नव्हता, आणि इतकं समाधान तिला पूर्वी कधी मिळालं नव्हतं.

शेवटी मेतोद दाराजवळच्या टेबलापाशी पोचला. तिथे माग्दा बसली होती. मेतोद बाटली धरून थांबला. मग माग्दाने आपला पेला उचलून त्याच्यापुढे धरला आणि धरूनच ठेवला.

त्याने तो काठोकाठ भरला. एक थेंब सांडला नाही.

"बाबा," ती म्हणाली, "उद्या रविवार आहे. तुमची नात पत्ते घेऊन तयार बसलीय."